मालगाडीची नाडी

लांजीस रेल्वे नाही. ज्याला आगगाडी पाहावयाची असेल त्याला आमगाव अथवा गोंदिया गाठावे लागते. गेल्या हिवाळ्यात वर्गातील काही विद्यार्थ्यांना घेऊन मी आमगावला गेलो होतो. हावडा-नागपूर-मुंबई हा देशातील एक प्रमुख लोहमार्ग तेथून जातो, हे भूगोलाच्या पुस्तकात सर्वांनी वाचले होते. परंतु फलाटावर उभे राहून तो मार्ग प्रत्यक्ष पाहण्याचा आनंद निराळाच. आम्ही पोहोचतो न पोहोचतो तोच पूर्वेकडून कोळशाने भरलेली एक लांबच लांब मालगाडी आली आणि न थांबता धडधडत पश्चिमेस निघून गेली. मुले तिच्या वाघिणी मोजण्यात गुंग झाली. एका मुलीचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. फलाटाच्या कडेला हातात हिरवे निशाण घेऊन एक रेल्वे कर्मचारी उभा होता. इंजिन केव्हाच पुढे निघून गेले, तरी त्याची दृष्टी गाडीच्या चाकांवर खिळलेली होती आणि शेवटचा डबा जाईपर्यंत ती ढळली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्या मुलीने विचारले, “सर, ते काका चाकांकडे इतके निरखून काय पाहत होते? आणि आता पुढच्या स्थानकापर्यंत ती चाके कोण पाहणार?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तेथेच दिले. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहावा लागत आहे.

प्रथम आपण आपल्या बंडीचा विचार करू. बंडीचे चाक आसाभोवती फिरते. तुंब्यात वंगण असेल तोवर ते सुखाने फिरते. वंगण आटले की ते कुरकुरू लागते. गाडीवानाला हे कोणी सांगावे लागत नाही. तो आसापासून हातभर अंतरावर बसलेला असतो. चाकाचा आवाज त्याच्या कानांत असतो आणि चाकाचा हिसका त्याच्या अंगाला जाणवतो. आवाज बदलला की तो बैल थांबवितो, खाली उतरतो, तुंब्याला हात लावून पाहतो, वंगण घालतो आणि पुढे निघतो. म्हणजे रोग, रोगाची जाणीव आणि रोगावरील उपाय ही तिन्ही बंडीत एकाच ठिकाणी नांदतात.

मालगाडीत ही तिन्ही एकमेकांपासून फार दूर गेलेली आहेत. कोळसा वाहणारी उघडी वाघीण, म्हणजे वॅगन, सुमारे १०.७ मीटर लांब असते. अशा ५८ वाघिणींची माळ, जिला रेल्वेत रेक म्हणतात, सुमारे ६२० मीटर भरते. गाडी चालविणारा लोको पायलट तिच्या पुढच्या टोकाला. पूर्वी ज्याला गार्ड म्हणत आणि २०२२ पासून ज्याला ट्रेन मॅनेजर म्हणू लागले, त्याची जागा मागच्या टोकाला. मधल्या ३० व्या वाघिणीचे एखादे चाक कण्हू लागले, तर ते कण्हणे ह्या दोघांपैकी कोणालाही ऐकू जाणे शक्य नाही. गाडीवान आहे, पण त्याचे कान चाकापासून ३०० मीटर दूर आहेत.

आता त्या चाकाची रचना पाहू. प्रत्येक वाघिणीला ४ आस आणि ८ चाके असतात. ही चाके बंडीप्रमाणे आसाभोवती फिरत नाहीत. ती आसावर घट्ट दाबून बसविलेली असतात आणि चाके व आस मिळून एकच वस्तू म्हणून फिरतात. आसाची दोन्ही टोके चाकांच्या बाहेर आलेली असतात आणि त्या टोकांवर बेअरिंग बसविलेले असते. वाघिणीचा सारा भार अखेर ह्या आठ बेअरिंगवर येतो. सध्याच्या मोठ्या वाघिणीचे भरलेले वजन ९० टनांच्या घरात जाते. म्हणजे एकेका बेअरिंगच्या वाट्यास सुमारे ११ टन भार आला. चाकाचा व्यास, ते नवे असताना, १ मीटर असतो. त्याच्या एका फेऱ्यात गाडी ३.१४ मीटर पुढे जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे चाक दर सेकंदाला पाचांहून अधिक फेरे घेते, आणि गोंदियापासून नागपूरपर्यंतचे सुमारे १३० किलोमीटरचे अंतर तोडताना त्याचे ४१,००० हून अधिक फेरे होतात. ५८ वाघिणींच्या एका रेकमध्ये अशी ४६४ बेअरिंग असतात. त्यांपैकी ४६३ निरोगी असून भागत नाही. बिघडलेले एक बेअरिंग सारी गाडी रुळांवरून खाली आणू शकते.

बेअरिंग बिघडते म्हणजे नेमके काय होते? बेअरिंगमध्ये पोलादाच्या आतल्या व बाहेरल्या कड्यांच्या मध्ये लाटण्यासारखे छोटे रोलर बसविलेले असतात आणि सर्व पोकळीत ग्रीस भरलेले असते. घासत जाण्यापेक्षा लोळत जाणे सोपे, ह्या साध्या नियमावर त्याचे सारे काम चालते. परंतु कधी पोलादात बारीक चीर पडते, कधी पाणी आत शिरते, कधी ग्रीस निघून जाते. मग गुळगुळीत पृष्ठभागाचा एखादा कपचा उडतो. रोलर त्या खड्ड्यावरून जाताना ठोके बसू लागतात, घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता वाढते, उष्णतेने उरलेले ग्रीस पातळ होऊन जळते आणि त्यामुळे घर्षण आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे. शेवटी रोलर अडकून बसतात व आसाचे टोक तापून लाल होते. तापलेले पोलाद मऊ पडते, हे लोहाराच्या भट्टीपाशी आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा मऊ पडलेल्या टोकावर अकरा टनांचा भार असला, तर ते तुटल्यावाचून कसे राहील?

चाकालाही एक निराळा रोग होतो. ब्रेक सुटला नाही म्हणजे चाक फिरण्याऐवजी रुळावरून घासत जाते व त्याचा तेवढा भाग सपाट होतो. पुढे ते चाक फिरू लागले की तो सपाट भाग प्रत्येक फेऱ्यात एकदा रुळावर हातोड्यासारखा आदळतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला सेकंदात पाच घाव, हा हिशेब आपण वर केलाच आहे. अशा घावांनी रूळही दुखावतो आणि बेअरिंगही.

आमगावचे ते काका पाहत होते ते हेच. चाकाजवळ धूर निघतो काय, ठिणग्या उडतात काय, जळल्याचा वास येतो काय, काही लोंबकळत आहे काय, एखादे चाक फिरण्याऐवजी घासत आहे काय, हे जाणत्या डोळ्याला धावत्या गाडीतही कळते. दोष दिसला तर तो कर्मचारी हिरव्याऐवजी लाल निशाण दाखवितो व गाडी थांबविली जाते. मोठ्या यार्डात गाडी शिरत असताना तपासनीस रुळाच्या दोहों बाजूंस बसून हेच काम करतात, आणि गाडी थांबल्यावर बेअरिंगचे तापमान दुरूनच मोजणारे यंत्र त्यांच्या हाती असते. ही निगराणी फार मोलाची आहे. तथापि तिला दोन मर्यादा आहेत. धूर दिसू लागतो तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो, ही एक. आणि दोन स्थानकांच्या मधल्या वाटेवर डोळा नसतो, ही दुसरी. शिवाय ठरावीक फेऱ्या करणाऱ्या काही रेकना एका सखोल तपासणीनंतर ७,५०० किलोमीटरपर्यंत धावण्याची मुभा असते, हे लक्षात घेतले म्हणजे मधल्या काळातील देखरेखीचे महत्त्व पटेल.

म्हणून रुळाकाठी यंत्रे बसविण्यात आली. त्यांतील एक प्रकार तापलेल्या बेअरिंगमधून निघणारी अवरक्त किरणे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणे, टिपतो. दुसरा प्रकार रुळावर बसविलेल्या मापकांनी प्रत्येक चाकाचा आघात मोजतो आणि सपाट झालेले चाक ओळखतो. हे यंत्र भारतात तयार करण्याच्या कामी कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि रेल्वेची लखनौ येथील संशोधन संस्था यांचा वाटा आहे. तिसरा प्रकार ध्वनिग्राहक लावून बेअरिंगचा आवाजच ऐकतो. कारण बेअरिंग तापण्याच्या पुष्कळ आधी त्याचा आवाज बदलतो. गाडीवानाचा कान येथे यंत्राला मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही. भारतीय रेल्वेने ह्या तिन्ही प्रकारची यंत्रे निवडक ठिकाणी बसविली आहेत.

पण ही यंत्रेसुद्धा एका जागी उभी असतात. चाक त्यांच्यासमोरून जाते ते क्षणभरच. दोन यंत्रांच्या मधल्या वाटेत रोग किती वेगाने वाढू शकतो, ह्याचा धडा अमेरिकेतील एका अपघाताने दिला. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन ह्या गावाजवळ एका मालगाडीचे ३८ डबे रुळांवरून घसरले. काही डब्यांत घातक रसायने होती. आग लागली, लोकांना घरे सोडून जावे लागले आणि तीन दिवसांनी पाच टाक्यांतील व्हिनाइल क्लोराइड हे रसायन मुद्दाम बाहेर सोडून जाळावे लागले. प्राणहानी झाली नाही, हेच काय ते समाधान. चौकशीत आढळले की, एका डब्याचे बेअरिंग तापून आस तुटला होता. आश्चर्य असे की, त्या गाडीच्या वाटेवर उष्णता मोजणारी तीन यंत्रे होती आणि तिन्ही चालू होती. पहिल्या यंत्राजवळ त्या बेअरिंगचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सिअसने अधिक होते. तेथून १६ किलोमीटरवरील दुसऱ्या यंत्राजवळ हा फरक ५७ अंश झाला. त्या रेल्वेच्या नियमाप्रमाणे गाडी थांबवून तपासणी करावयाची, तर फरक सुमारे ९४ अंश व्हावयास हवा होता. म्हणून गाडी थांबली नाही. तेथून ३२ किलोमीटरवर तिसरे यंत्र होते. तेथे फरक १४० अंशांवर गेला आणि इशारा मिळाला. चालकाने गाडी थांबविण्याची खटपट केली, परंतु वेळ निघून गेली होती.

ह्या आकड्यांकडे नीट पाहावे. २१ हा आकडा एकटा भयंकर नाही. ५७ हाही नियमाच्या आतच होता. परंतु १६ किलोमीटरांत २१ चे ५७ व्हावेत, ही चढण मात्र भयंकर होती. वैद्य रोग्याची नाडी एकदाच पाहून स्वस्थ बसत नाही; ताप उतरतो आहे की चढतो आहे, हे तो पुनःपुन्हा पाहतो. चाकाची नाडीही अशीच सतत हाती असावयास पाहिजे. त्यासाठी पहारेकऱ्याने रुळाकाठी उभे न राहता चाकाबरोबर प्रवास केला पाहिजे. बिनतारी संवेदकांच्या जाळ्याची कल्पना ह्या गरजेला उत्तर देते.

संवेदक म्हणजे सेन्सर. ताप, कंप, दाब, प्रकाश अशा एखाद्या गोष्टीतील बदल ओळखून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे साधन ते संवेदक. एका लहान डबीत असा संवेदक, एक छोटा गणकयंत्राचा तुकडा, बिनतारी संदेश पाठविणारा व घेणारा रेडिओ आणि एक बॅटरी, एवढी चार अंगे बसविली म्हणजे जाळ्याची एक गाठ तयार होते. अशा अनेक गाठी एकमेकींशी बोलू लागल्या म्हणजे त्यांचे जाळे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात ह्या विषयाने जोर धरला. २००२ च्या उन्हाळ्यात तेथील संशोधकांनी मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक नावाच्या बेटावर अशा ३२ डब्या ठेविल्या. बिळात घरटे करणाऱ्या एका समुद्रपक्ष्याला माणसाच्या पावलांनीही त्रास होतो. म्हणून माणसाने तेथे न जाता बिळातील ऊब ह्या डब्यांनी कळवावी, असा तो प्रयोग होता. जेथे माणूस सतत बसू शकत नाही तेथे डबी बसवावी, हे ह्या विद्येचे मूळ सूत्र. पक्ष्याचे बीळ आणि धावत्या वाघिणीचे बेअरिंग, ह्या दोन्ही जागा त्या दृष्टीने सारख्याच आहेत.

वाघिणीवर ही रचना अशी करतात. प्रत्येक बेअरिंगपाशी ताप व कंप मोजणारा एक संवेदक असतो. वाघिणीच्या आठ संवेदकांचे म्हणणे त्याच वाघिणीवरील एक मुख्य डबी गोळा करते. ती डबी आपला निरोप शेजारच्या वाघिणीला देते, ती पुढच्या वाघिणीला, आणि असे होत होत निरोप इंजिनात पोहोचतो. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग धरतात व बादली हातोहात पुढे जाते. तशीच ही रीत आहे. प्रत्येक डबीने थेट इंजिनाशीच का बोलू नये, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, दूर आवाज पोहोचविण्यास शक्ती फार लागते, आणि वाघिणीच्या पोलादी भिंती रेडिओच्या लहरींना अडवितात. शेजाऱ्याशी हळू बोलणे स्वस्त पडते.

येथे शक्तीचा प्रश्न येतो, आणि ह्या सर्व विद्येचे मर्म त्यातच आहे. प्रवासी डब्यात दिवे व पंखे असतात. वाघिणीत वीज नसते. डबीला आपल्या बॅटरीवरच जगावे लागते. एक साधा हिशेब करून पाहू. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले, त्यांची धारणा २,५०० मिलिअँपिअर-तास धरली आणि रेडिओ चालू असताना २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे मानले, तर रेडिओ सतत चालू ठेवल्यास सेल १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत संपतील. वाघिणी तर महिनोन् महिने देशभर फिरत असतात. दर पाच दिवसांनी सेल कोण बदलणार? परंतु तीच डबी १०० सेकंदांत एकच सेकंद जागी राहिली व ९९ सेकंद झोपली, तर तेच सेल जवळजवळ शंभर पट, म्हणजे सुमारे ५२० दिवस पुरतील. म्हणून अशा डब्यांना झोपण्याची व ठरल्या क्षणी सर्वांनी मिळून जागे होण्याची शिस्त शिकवावी लागते. एक जागी आणि शेजारीण झोपलेली, असे झाले तर निरोप ऐकणार कोण? काही ठिकाणी वाघिणीच्या हादऱ्यांपासूनच थोडी वीज मिळविण्याची युक्ती योजतात. वेटोळ्यात चुंबक हालला की तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हा फॅरडेने १८३१ साली शोधलेला नियम आपल्या पुस्तकात आहेच. ज्या हादऱ्यांनी चाक झिजते त्यांनीच पहारेकऱ्याला अन्न पुरवावे, ही गंमत खरी.

हातोहात निरोप देण्याच्या रीतीत आणखी एक अडचण दडलेली आहे. ती गणिताने चांगली कळते. ५८ वाघिणींपैकी प्रत्येकीने एकेक निरोप पाठविला आणि प्रत्येकीने तो फक्त पुढच्या वाघिणीला दिला, असे समजा. शेवटची वाघीण एकदाच बोलेल. तिच्या पुढची दोनदा बोलेल, कारण तिला स्वतःचा निरोप व मागचीचा निरोप असे दोन द्यावयाचे आहेत. अशा रीतीने इंजिनालगतच्या वाघिणीला ५८ वेळा बोलावे लागेल. १ पासून ५८ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १,७११ होते. म्हणजे ५८ निरोपांसाठी १,७११ वेळा बोलणे आले. इंजिनाजवळच्या डब्यांच्या बॅटऱ्या सर्वांत आधी संपतील, आणि त्या संपल्या की मागच्या साऱ्या वाघिणी मुक्या होतील. ह्यावर उपाय असे योजतात. निरोप एकीआड एक वाघीण ओलांडून पुढे द्यावा, म्हणजे एक डबी बंद पडली तरी साखळी तुटत नाही. चार-पाच वाघिणींचे निरोप एकत्र बांधून पाठवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय असा की, सर्व ठीक असेल तेव्हा थोडके बोलावे. ह्या कामासाठी २००३ साली ठरविलेल्या एका आंतरराष्ट्रीय मानकात एका निरोपाची कमाल लांबी १२७ बाइट एवढीच ठेविली आहे. तो पाठविण्यास सुमारे ४ सहस्रांश सेकंद पुरतो. म्हणून कंपाची सारी मोजमापे इंजिनाकडे न पाठविता डबीने स्वतःच विचार करावयाचा असतो व फक्त निष्कर्ष कळवावयाचा असतो.

मग कोणता निष्कर्ष कळवावा? केवळ “बेअरिंग ७० अंश तापले” असे सांगणे अपुरे आहे. वैशाखात आपल्याकडील दुपारी रूळ, वाघीण, बेअरिंग सारेच तापलेले असते. चाळीस अंशांहून वर गेलेल्या हवेत जे तापमान साधे वाटेल तेच थंडीच्या पहाटे धोक्याचे ठरेल. शिवाय उन्हाच्या बाजूची बेअरिंग सावलीच्या बाजूच्या बेअरिंगपेक्षा अधिक तापतात. म्हणून शहाणी डबी तीन तुलना करते: हवेशी तुलना, त्याच वाघिणीतील इतर सात बेअरिंगशी तुलना, आणि त्याच बेअरिंगच्या तासाभरापूर्वीच्या तापमानाशी तुलना. इतर सात थंड असून एकच तापत असेल, आणि त्याचा ताप चढत असेल, तर तो रोग होय. ही तिसरी तुलना रुळाकाठच्या एकट्या यंत्राला करता येत नाही; चाकाबरोबर प्रवास करणाऱ्यालाच ती साधते.

आणखीही प्रश्न आहेत. गोंदियासारख्या जंक्शनात दोन मालगाड्या शेजारी उभ्या राहिल्या तर एका गाडीची डबी चुकून दुसऱ्या गाडीच्या रांगेत शिरू शकेल आणि एका चालकाला दुसऱ्याच्या चाकाचा इशारा मिळेल. म्हणून प्रत्येक डबीला आपल्या वाघिणीची ओळख ठाऊक असावी लागते. भारतातील प्रत्येक वाघिणीवर ११ अंकी क्रमांक रंगविलेला असतो. त्यात वाघिणीचा प्रकार, मालक रेल्वे व बांधणीचे वर्ष गुंफलेले असते आणि शेवटचा अंक पहिले दहा बरोबर लिहिले आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी असतो. आगगाडीने स्थानक सोडले की जी डबी आपल्याबरोबर सारख्याच वेगाने हलत राहते तीच आपल्या गाडीतील, हीही एक खूण आहे. वाघिणी तोडल्या, जोडल्या, उलट्या क्रमाने लावल्या तरी जाळ्याने आपली रांग पुन्हा आपणच ओळखून घ्यावी लागते. ह्या अडचणींमुळे आणि लाखो वाघिणींवर डब्या बसविण्याच्या खर्चामुळे ही रीत अजून सार्वत्रिक झालेली नाही. अमेरिकेत वाघिणींच्या काही मालकांनी २०२० साली एकत्र येऊन वाघिणींवर संवेदक बसविण्यासाठी एक सामाईक संस्था स्थापिली. आपल्या देशात मुख्य भर रुळाकाठच्या यंत्रांवर आहे.

परंतु हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. आमगावच्या लोहमार्गावरच पूर्वेकडे राजनांदगाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ रोजी कोरब्याहून राजनांदगावपर्यंत ‘सुपर वासुकी’ नावाची मालगाडी चालविण्यात आली. तिची लांबी ३.५ किलोमीटर, वाघिणी २९५ आणि त्यांत सुमारे २७,००० टन कोळसा. ह्या गाडीत बेअरिंग किती, ह्याचे उत्तर विद्यार्थी क्षणात देतील: २,३६०. गाडी लांब होत जाते तसतसा गाडीवानाचा कान चाकापासून अधिकाधिक दूर जातो. आपल्या जिल्ह्यातील भरवेलीच्या खाणीतून निघणारे मँगनीजही वाघिणींतूनच दूरच्या पोलाद कारखान्यांकडे जाते. ज्या रुळांवरून हा भार जातो त्यांच्या काठी आपलीच माणसे राहतात. कोणाचे शेत रुळाला लागून असते, कोणाचा भाऊ रूळ तपासत पायी फिरत असतो, तर कोणाची मुले फाटक उघडण्याची वाट पाहत शाळेच्या वेळेला उभी असतात. चाकाची नाडी ओळखण्याचे हे शास्त्र अखेर त्यांच्यासाठी आहे.

शेवटी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. संवेदक कितीही सूक्ष्म असला तरी तो फक्त सांगतो. गाडी थांबविणे माणसाच्या हाती असते. खोटे इशारे वारंवार मिळाले तर ऐकणाऱ्याचे कान मरतात आणि खरा इशाराही वाया जातो. उलट, खोट्या इशाऱ्याच्या भयाने मर्यादा फार वर ठेविली, तर ५७ अंशांची चढण कोणाच्या ध्यानात येत नाही. ह्या दोहोंमधली योग्य रेषा आखणे हे काम माणसालाच करावयाचे आहे. त्यासाठी भौतिकशास्त्र, गणित आणि चाकाजवळ आयुष्य घालविलेल्या कामगारांचा अनुभव ही तिन्ही लागतात.

तेव्हा आमगावच्या फलाटावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. पुढच्या स्थानकापर्यंत ती चाके आज बहुधा कोणीच पाहत नाही. रुळाकाठचे एखादे यंत्र वाटेत भेटले तर क्षणभर पाहते. उद्या वाघिणी स्वतःच आपापली चाके पाहतील आणि एकमेकींच्या कानांत सांगत तो निरोप चालकापर्यंत पोहोचवतील. तोपर्यंत हिरवे निशाण हाती घेऊन शेवटचा डबा जाईपर्यंत दृष्टी न ढळू देणारे ते काका आहेत, म्हणून आपण निर्धास्त आहोत. पुढच्या वेळी फलाटावर मालगाडी जाताना वाघिणी अवश्य मोजाव्या. पण एकदा त्या काकांकडेही पाहावे, आणि मग त्यांच्याबरोबर चाकांकडे.